अंत्यविधीचं पॅकेज घेऊन पाहिलं, न घेताही पाहिलं (पुणे)

असल्या गोष्टीचा रिव्ह्यू लिहितात का, असं बायको म्हणाली. पण मिक्सर घेताना आपण पन्नास रिव्ह्यू वाचतो आणि इथे रात्री दोन वाजता जो नंबर पहिला हातात पडेल त्याला हो म्हणून मोकळे होतो, म्हणून लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी मामा गेले, हॉस्पिटलमध्ये. कॉरिडॉरमध्ये कुणीतरी हातात कार्ड ठेवलं, कोणी ते आजही आठवत नाही. फोन लावला तर माणूस वीस मिनिटांत हजर. "काका तुम्ही काही बघू नका, सगळं आमच्यावर सोडा." सोडलं. पॅकेज २८,५००, त्यात फुलांनी सजवलेली गाडी, 'स्पेशल' तिरडी, चंदनाचे तुकडे, तुपाचे दोन डबे, गुरुजी, खांदा द्यायला दोन माणसं आणि पासची, म्हणजे अंत्यसंस्काराच्या परवान्याची, कागदपत्रं. मामी समोर बसलेल्या, अशा वेळी घासाघीस कोण करणार, आणि हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

मग गाडी निघाली आणि पोचली कुठे, तर नवी पेठेत, वैकुंठला, पालिकेच्या विद्युतदाहिनीवर. म्हणजे पॅकेज घ्या नाहीतर नका घेऊ, शेवटी जायचं तिथेच. आणि दाहिनीत तिरडी जात नाही, हार जात नाहीत. बांबू, फुलं सगळं बाहेर काढून ठेवलं. चंदन आणि तूप तर लाकडावर करणाऱ्यांसाठी, आमचं विद्युतदाहिनीत ठरलंय हे त्या माणसाला पहिल्या फोनपासून माहीत होतं. डब्यावर बारीक अक्षरात 'फक्त पूजेसाठी, खाण्यास अयोग्य' असं छापलेलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच, फक्त आमच्या वेळी डालडा निघालं.

पण खरा राग याचा नाही. ट्रॉलीवर ठेवताना दाहिनीवरच्या कर्मचाऱ्याने सहज विचारलं, "पेसमेकर होता का?" होता! सहा वर्षं होता. त्या गडबडीत आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि २८,५०० घेणाऱ्यानेही विचारलं नव्हतं. आत उष्णतेने त्याची बॅटरी फुटते, दाहिनीचं नुकसान होतं, माणसाला इजा होऊ शकते, म्हणून तो आधी काढावाच लागतो. ओळखीच्या डॉक्टरला बोलावून तो काढेपर्यंत दीड तास गेला आणि मामी बाहेर बाकावर. पॅकेजवाला तोवर पुढच्या फोनवर होता. नंतर कळलं की पासवर मामांच्या नावात 'त्र'चा 'त्रे' करून ठेवलाय, मग मृत्यूच्या दाखल्यावर तेच, मग बँकेत तेच, ते दुरुस्त करायला दोन महिने घातले.

बाबांनी ते बिल वाचलं. चष्मा लावून, प्रत्येक ओळ. मग म्हणाले, माझ्या वेळी हे काही करू नका, आणि एका रविवारी मला समोर बसवून सगळं लिहूनच दिलं. आई रागावून आत निघून गेली. देहदान करायचं होतं त्यांना, पण आईला ते नको होतं, तेव्हा नेत्रदानावर तडजोड झाली. शेवटची ओळ होती, 'धाकटा येईपर्यंत मला फ्रीझरच्या पेटीत ठेवू नये.' धाकटा भाऊ कॅनडात असतो आणि त्या पेटीचं भाडं दिवसावर असतं. पैशासाठी नव्हे हो, त्यांना थंडीच सोसत नसे, असं आई आता सांगते.

या मार्चमध्ये बाबा घरीच गेले, पहाटे पावणेपाचला. घरी मृत्यू झाला की आधी डॉक्टर लागतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायचा, घरी झाला असेल तर फॉर्म ४-अ, आणि १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे तो फुकट द्यायचा असतो. आमच्या फॅमिली डॉक्टरांना मी जानेवारीतच विचारून ठेवलं होतं की अपरात्री फोन केला तर याल का. विचारताना जीभ अडखळली, पण साडेसहाला आले. हे ज्यांनी विचारलेलं नसतं ते पहाटे दवाखाने शोधत फिरतात, आणि न बघितलेल्या पेशंटला सही द्यायला कुणी तयार होत नाही, त्यांचंही बरोबरच आहे.

आधी मात्र फोन केला नेत्रपेढीला, कारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं. त्यांनी फोनवरच सांगितलं, पंखा बंद करा, पापण्या मिटा, वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. माणसं घरी आली, वीस मिनिटांत काम झालं, एक पैसा घेतला नाही. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, तरी चाललं. आई शेवटपर्यंत बाजूला बसून होती, नंतर म्हणाली चेहरा तसाच आहे की रे.

पास मी स्वतः काढला, डॉक्टरांचा दाखला, बाबांचं आधार आणि माझं आधार. तिथेच उभं राहून स्पेलिंग अक्षर न अक्षर वाचून घेतलं, मागच्या माणसाने दोनदा हूं केलं तरी. तिरडीचं सामान पेठेतल्या दुकानातून, बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, पांढरं कापड, त्याला 'विद्युतदाहिनी' एवढं सांगितलं की तो जास्तीचं देतच नाही. बांधायला सोसायटीतले दोन काका आले, त्यांना गाठी माहीत. गाडी 'पुष्पक' नावाची शववाहिनी. गुरुजींची दक्षिणा धरून सगळं मिळून सहा हजारांच्या आत, आणि पालिकेचा भाग त्यात शोधावा लागेल इतका कमी. भावाने व्हिडिओ कॉलवर बघितलं, फोन माझ्या मुलीने धरला होता, हात हलत होता तिचा. अस्थी त्याच दिवशी मिळाल्या, दहावा ओंकारेश्वरला. कावळ्याने पाऊण तास लावला, तेवढं कुठल्याच पॅकेजमध्ये बसत नाही.

एक सांगायचं राहिलं, मृत्यूची नोंदणी २१ दिवसांच्या आत करायची आणि तिथल्या मृत्यूच्या दाखल्याच्या दोन-तीन नाही, आठ-दहा प्रती घ्या. बँका, पेन्शन, एलआयसी, सोसायटी, गॅस, सगळ्यांना हवी असते आणि परत कोणी देत नाही.

पॅकेज घेऊच नका असं नाही म्हणत मी. घरात दोनच म्हातारी माणसं असतील, मुलं परदेशात, तर धावपळ कोण करणार, घ्या. पण विद्युतदाहिनी म्हणत असाल तर चंदन-तूप कापायला लावा, बिलाच्या ओळी लिहून मागा, आणि पेसमेकर असेल तर तुम्हीच सांगा.

रेटिंग: पॅकेजला दीड स्टार. त्यातला एक पूर्ण स्टार त्यांच्या ड्रायव्हरचा, त्या दीड तासात मामींना चहा त्यानेच आणून दिला, स्वतःच्या पैशाने.