इंदूर-शारजा थेट फ्लाइट : आई-बाबांना न्यायचं असेल तर हीच घ्या

ज्यांची मुलं दुबई-शारजाला आहेत आणि इथून आई-बाबांना पाठवायचंय अशा इंदूरकरांसाठी मुद्दाम लिहितोय. आम्ही आई-बाबांना घेऊन थेट फ्लाइटने गेलो आणि खरंच खूप बरं वाटलं.

सरळ रेघ मारली तर इंदूर ते दुबई साधारण 2,100 किमी, शारजा पण जवळपास तेवढंच. मुंबईवरून गेलात तर आधी 500 आणि पुढे 1,900 च्या वर, म्हणजे जास्तीचे फार तर साडेतीनशे किमी, विमानाला अर्ध्या तासाचं काम. पण दोन वेगळ्या कंपन्यांची तिकिटं असतील तर मुंबईत बॅगा उचला, बऱ्याचदा टर्मिनल बदला, परत चेक-इन करा, मग इमिग्रेशनची लाइन, आणि पहिली फ्लाइट लेट होऊ नये म्हणून मधे चार-पाच तास ठेवावेच लागतात, असं करत करत दहा-बारा तास सहज जातात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे का करायला लावायचं? थेट फ्लाइट सव्वातीन-साडेतीन तासांत उतरवते, इमिग्रेशन इंदूरलाच होतं आणि बॅग एकदा दिली की थेट तिकडेच घ्यायची.

घड्याळाचं आधी समजावून ठेवा. तिकडची वेळ दीड तास मागे आहे, म्हणून जाताना तिकिटावर दोनच तास लागल्यासारखे दिसतात आणि येताना साडेचार. बाबा तेवढ्यावरूनच टेन्शनमध्ये आले होते की येताना इतका वेळ का. उलट येताना पश्चिमेकडचा वारा पाठीशी असतो त्यामुळे विमान जरा लवकरच पोचतं.

आता जे कमी वाटलं ते. फ्लाइट रोज नाहीये, दिवस बघूनच सुट्टी टाका. आणि दुबईत राहणार असाल तर शारजाहून पुढच्या रस्त्याचा वेळ हिशोबात धरायला विसरू नका, अंतर तीसेक किमीच आहे पण सकाळी दुबईकडे जाणारा ट्रॅफिक भयंकर असतो आणि दुबई मेट्रो शारजापर्यंत येत नाही, त्यामुळे टॅक्सी किंवा कोणीतरी घ्यायला आलेलं बरं.

एक फार महत्त्वाचं, खसखस अजिबात नेऊ नका, तिकडे बंदी आहे. दिवाळीत जाणाऱ्यांनो, अनारशांना खसखस लावलेली असते, ते घरीच ठेवा, शेव-चिवडा-लाडू न्या.

2019 च्या जुलैमध्ये एअर इंडियाची इंदूर-दुबई सुरू झाली ती आपल्या शहराची पहिली आंतरराष्ट्रीय फ्लाइट होती, तेव्हा घरोघरी किती आनंद झाला होता. आता शारजाची आहे तर ती भरून जायला पाहिजे, सीट रिकाम्या राहिल्या तर कंपन्या फ्लाइट बंद करतात. तिकीट हजार-दोन हजारांनी महाग पडलं तरी माझं मत हीच घ्या. 5 पैकी 4.