दहावीसाठी विज्ञान-इतिहासाची पेटी: कार्डांसाठी नक्की घ्या, पोस्टरं गुंडाळून ठेवा

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानातून शाळेसाठी ही पेटी घेतली. किंमत अडीच हजार, सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या निधीतून बसवली. मी उमरेड रोडकडच्या एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. पेटीत पाच प्रयोगांचं साहित्य, एक पुस्तिका आणि शास्त्रज्ञांची मोठी रंगीत पोस्टरं आहेत. ओळखीतल्या बऱ्याच शिक्षकांनी विचारलं, घ्यावी का? एका शब्दात सांगण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्या पाठ्यपुस्तकात विज्ञानाचा इतिहास नाही असं नाही. चौकटीत फोटो असतो, जन्म-मृत्यूची सालं असतात, शोध असतो. मुलं ती चौकट ओलांडून पुढे जातात, आणि मी त्यांना दोष देत नाही. उत्तर हातात आल्यावर, ते कोणी शोधलं यात पंधरा वर्षांच्या मुलाला कशाला रस वाटेल? इतिहास उत्तराच्या आधी यायला हवा. त्या माणसासमोर तेव्हा काय होतं, काय नव्हतं, आणि तो नेमका कुठे अडला होता, हे मुलांच्या पुढ्यात ठेवलं की ती स्वतः अडतात आणि मग विचार करायला लागतात. या पेटीत काही ठिकाणी हे फार सुंदर जमलंय आणि काही ठिकाणी अजिबात नाही.

सगळ्यात उत्तम आहेत मूलद्रव्यांची कार्डं. दहावीच्या विज्ञान भाग एकमधलं दुसरं प्रकरण, आवर्ती वर्गीकरण, यासाठी. एकूण 63 कार्डं, कारण 1869 साली आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हच्या काळी तेवढीच मूलद्रव्यं माहीत होती. प्रत्येकावर अणुवस्तुमान, ऑक्साइडचं सूत्र, घनता आणि दोन-तीन गुणधर्म, बस. अणुअंक, म्हणजे अणुकेंद्रातल्या प्रोटॉनची संख्या, नाही. ही या संचाची खरी हुशारी. मोझले या भौतिकशास्त्रज्ञानं अणुअंकाचा अर्थ 1913 साली लावला, मग 1869 सालच्या कार्डावर तो कुठून येणार? निष्क्रिय वायूंची कार्डंही नाहीत. अर्गॉन सापडला 1894 मध्ये.

सहा-सहा मुलांचे गट केले आणि वर्गात जमिनीवर कार्डं मांडायला सांगितली. नियम एकच: वस्तुमानाच्या चढत्या क्रमानं जायचं, पण सारख्या स्वभावाची मूलद्रव्यं एकाखाली एक आली पाहिजेत. सुरुवातीला सगळे भराभर चालले. लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम खाली-खाली आले की मुलांना आपोआप आनंद होतो. मग टेल्युरिअमपाशी गाडी थांबली. टेल्युरिअमचं वस्तुमान आयोडीनपेक्षा जास्त, म्हणजे क्रमानं आयोडीन आधी यायला हवं. पण तसं ठेवलं की आयोडीन जाऊन बसतं सल्फर आणि सेलेनिअमच्या खाली.

मागच्या बाकावर बसणारी एक मुलगी, एरवी तासाला तोंड न उघडणारी, म्हणाली, "मॅडम, हे तं ब्रोमीनच्याच घरचं आहे ना, याले तिकडं काहून पाठवायचं?" गटातला मुलगा म्हणाला, "पण वजन पाय ना बे, नियम मोडते." दोघांचं चांगलंच जुंपलं. मी मध्ये पडले नाही. शेवटी त्या गटानं टेल्युरिअम आधी ठेवलं, आयोडीन नंतर, आणि कागदावर लिहून दिलं की टेल्युरिअमचं वजन मोजण्यात चूक असावी.

मेंडेलीव्हनं अगदी हेच केलं होतं आणि त्यालाही हेच वाटलं होतं! क्रम बरोबर होता, कारण चुकीचं होतं. वजन बरोबरच मोजलेलं होतं. पुढे अणुअंक आले, टेल्युरिअम 52 आणि आयोडीन 53, तेव्हा गाठ सुटली. हे फळ्यावर लिहिलं तेव्हा "अणुअंक म्हणजे काय" हे वेगळं शिकवावं लागलं नाही. त्याची गरज मुलांना आधीच भासली होती.

कार्डांसोबत तीन बंद पाकिटं येतात. मांडणीत रिकाम्या जागा राहतात, त्यांच्यासाठी. ॲल्युमिनिअमच्या खालच्या रिकाम्या जागेत काय असेल याचा अंदाज मुलांनी आधी लिहायचा आणि मग पाकीट उघडायचं. मेंडेलीव्हचा अंदाज होता वस्तुमान सुमारे 68, घनता 5.9. फ्रान्समध्ये बॉइसबॉद्रानला 1875 साली गॅलिअम सापडलं, आणि त्यानं घनता मोजली ती 4.7. मेंडेलीव्हनं, ज्यानं ते मूलद्रव्य डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं, त्याला कळवलं की नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली, आली 5.9. वर्गात हे वाचलं तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. आवर्तसारणीला टाळ्या मी इतक्या वर्षांत ऐकल्या नव्हत्या. गॅलिअम 30 अंशांच्या आसपास वितळतं हेही पाकिटात आहे, त्यावर लगेच प्रश्न: "म्हणजे आपल्या मे महिन्यात ते पाण्यासारखंच राहील?" हो, राहील. नागपूरच्या पोरांना द्रवणांक समजावायला याहून चांगलं उदाहरण नाही.

दुसरा चांगला भाग गॅलिलिओचा उतार. दोन मीटरची लाकडी पन्हळ, स्टीलची गोळी आणि तोटी लावलेली बाटली. घड्याळ दिलेलं नाही, मुद्दाम. पडणारी वस्तू इतकी झपाट्यानं खाली येते की गॅलिलिओच्या काळी तिचा वेळ मोजायला साधनच नव्हतं. म्हणून त्यानं पडणंच मंद केलं. सुमारे बारा हात लांब लाकडात खोबण करून तीत गोळी सोडली, आणि तेवढ्या वेळात भांड्यातून बारीक नळीनं किती पाणी पडलं ते तोलून वेळ मोजला. हे त्यानं 1638 साली छापलेल्या ग्रंथात लिहून ठेवलंय.

आमच्या वर्गात पूर्ण दोन मीटरला 62 मिलिलिटर पाणी जमा झालं आणि अर्ध्या मीटरला 31-32. अंतर चौपट, वेळ दुप्पट. गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणातलं ते वेळेच्या वर्गाचं सूत्र मुलांनी मोजपात्रात पाहिलं. एकानं विचारलं, मोबाईलमध्ये स्टॉपवॉच असताना पाणी कशाला? त्याला स्टॉपवॉचनंही मोजायला लावलं. गुणोत्तर तेच आलं. सेकंद नसले तरी नियम सापडतो, हे त्याला स्वतःलाच कळलं.

इथे एक तक्रार आहे. पन्हळ दोन तुकड्यांची आहे आणि सांध्यावर गोळी उडते. आतून पातळ चिकटपट्टी लावली की निभतं, पण अडीच हजारांत सांधा नीट बसायला हवा होता. होकायंत्रही हलकं आहे. सुई अडकते, ऑर्स्टेडच्या, म्हणजे वीज वाहणाऱ्या तारेजवळ सुई हलते त्या प्रयोगात टिचकी मारावी लागते. मेंडेलच्या वाटाण्यांवरच्या आनुवंशिकतेच्या प्रयोगासाठीचे पिवळे-हिरवे मणी ठीक आहेत. सोबत त्याचे खरे आकडे दिलेत, 6022 पिवळे आणि 2001 हिरवे, हे छान. व्होल्टाच्या विद्युतघटाच्या धातूच्या चकत्या वापरून झाल्यावर लगेच धुवून पुसा, नाहीतर गंजतात.

आता पोस्टरं आणि पुस्तिका. इथे मी खरोखर नाराज आहे. न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद पडतंय. त्यानं म्हातारपणी सफरचंद पडताना पाहिल्याची आठवण सांगितली होती, डोक्यात पडल्याची नाही. पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे टाकणारा गॅलिलिओ आहे. ती गोष्ट त्याच्या शिष्यानं लिहिलेल्या चरित्रातली, आणि ती तशी घडली का याबद्दल इतिहासकारांनाच शंका आहे. पुस्तिका म्हणते, ऑर्स्टेडला शोध "योगायोगाने" लागला. 1820 साली सुई हलली हे खरं, पण वीज आणि चुंबकत्व यांचं नातं आहे असं धरून तो कित्येक वर्षं शोधत होता. मुलांना योगायोग सांगितला की त्यांना वाटतं, शोध नशीबवानांना लागतात. ज्या पेटीतली कार्डं मुलांना इतकं झगडायला लावतात, तिच्याच पोस्टरांनी ते झगडणं पुसून टाकावं याचं वाईट वाटतं. मी पोस्टरं वर्गात लावली नाहीत.

आणखी एक उणीव, ती आपल्या भागापुरती: इथे काम केलेल्या शास्त्रज्ञांचा पेटीत उल्लेख नाही. जमीन मोजण्याच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्टन 1823 साली काम करता करता आपल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथे आहे. नागपूर परिसरातल्या खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास करणारा स्टीफन हिस्लॉप, ज्याच्या नावाचं कॉलेज मुलं रोज बघतात. सी. व्ही. रामन वित्त खात्याच्या नोकरीत 1910 च्या सुमारास नागपुरात होते. गांधीसागरजवळच्या विज्ञान केंद्राला त्यांचं नाव आहे, सहल तिथे जातेच. पेटी बाहेरून येते, हे तिच्यात नसणार हे मान्य. पण शिक्षकानं स्वतः जोडावं. लॅम्टनसाठी मी शाळेच्या मैदानात कंपासपेटीतल्या कोनमापकानं दूरच्या पाण्याच्या टाकीचं अंतर काढायला लावलं, पैसा एक लागला नाही.

वेळेचं सांगते, कारण सगळ्यांचा प्रश्न पोर्शनचा असतो. कार्डांना सलग दोन तासिका लागतात, उताराला एक. प्रकरण शिकवण्याआधी घ्या, नंतर घेतलं तर मजा जाते. दहावीला जमत नसेल तर नववीच्या शेवटी, परीक्षा झाल्यावर घ्या.

एकच विनंती: पाकिटं फोडण्याआधी आतल्या कागदांच्या झेरॉक्स काढून ठेवा. दुकानात विचारलं, सुटी पाकिटं मिळत नाहीत, आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाला ती बंदच मिळायला हवीत.