जाळ नको, धूर पाहिजे : कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातलं जमैकन जेवण

या हॉटेलच्या पाटीपासूनच गडबड आहे. लाल, पिवळा, हिरवा असे तीन पट्टे रंगवून त्यावर ‘जमैकन’ लिहिलंय. जमैकाच्या झेंड्यात लाल रंगच नाही. काळा, हिरवा आणि सोनेरी एवढेच. लाल-सोनेरी-हिरवा हे इथिओपियाचे रंग, रास्ताफारी पंथामुळे ते जमैकाला चिकटले. आत गेल्यावर भिंतभर जमैकन गायक बॉब मार्ले. जेवणही असंच उसनं निघणार अशी शंका येते, पण तसं नाही. आत कुणीतरी नीट अभ्यास केलाय, फक्त मधूनमधून कोल्हापुरी हात आवरत नाही. हॉटेल नवीन आहे, मेनू अजून बसायचाय, म्हणून नाव लिहीत नाही.

आधी जर्क चिकन, कारण निम्मी गर्दी त्यासाठीच येते. आपल्याकडे ‘जाळ अन् धूर संगटच’ म्हणतात. जर्कमध्ये मात्र जाळ दिसला की बिघडलं, सगळं काम धुराचं. १६५५ मध्ये इंग्रजांनी स्पॅनिशांकडून जमैका घेतलं, त्या धामधुमीत स्पॅनिशांचे गुलाम डोंगरात निघून गेले. पुढे पळून आलेले इतरही त्यांना मिळाले. या लोकांना ‘मरून’ (Maroon) म्हणतात. त्यांची रानडुक्कर भाजायची रीत म्हणजे जर्क: मांसाला मसाला चोळायचा आणि पिमेंटोच्या ओल्या लाकडावर मंद धुरात तासन्‌तास ठेवायचं. पोर्टलंड परगण्यातल्या बोस्टन बेला आजही लोक त्यासाठी जातात. पिमेंटो म्हणजे ऑलस्पाइसचं झाड. लाकूडही त्याचंच आणि मसाल्यातले मिरीएवढे दाणेही त्याचेच, त्यामुळे आतून-बाहेरून एकच वास लागतो.

इथं उद्यमनगरातून बनवून घेतलेला ड्रम आहे. २०० लिटरचं पिंप उभं चिरून दोन अर्धे केलेत, एका बाजूला बिजागऱ्या, वर छोटं धुराडं, खाली निखारा, मध्ये जाळी. जमैकात रस्त्याच्या कडेला अगदी असेच ड्रम असतात. (घरी करून घ्यायचा विचार असेल तर तेलाचं किंवा केमिकलचं पिंप आणू नका. खाण्याच्या मालाचं पिंप घ्या आणि आतला रंग पहिल्यांदा मोकळ्या जागेत पूर्ण जाळून काढा.) ड्रम फक्त बुधवार, शनिवार आणि रविवारी सातनंतर पेटतो. बाकीच्या दिवशी तेच चिकन तंदूरमध्ये जातं, आणि तिथंच घोळ होतो. जर्कच्या मसाल्यात साखर असते. तंदूरची आच ३०० अंशांच्या पुढे, त्यामुळे दहा मिनिटांत साखर करपून वरचा थर कडू होतो आणि हाडाजवळ मांस गुलाबी राहतं. ड्रममध्ये झाकण लावून १५० अंशांच्या आसपास तासभर ठेवलं की कातडी काळपट होते, पण जिभेला कडू लागत नाही. ऑर्डर देताना ‘ड्रमचं की तंदूरचं?’ हे विचाराच. खोटं सांगत नाहीत.

लाकडाचा प्रश्न त्यांनी बरा सोडवलाय. पिमेंटोचं लाकूड इथं कुठून आणणार? परदेशातल्या जमैकन लोकांचीही तीच अडचण. लंडन-टोरांटोच्या परसात ते भिजवलेले ऑलस्पाइसचे दाणे आणि तमालपत्र निखाऱ्यावर टाकतात. इथंही तेच करतात, जोडीला पेरूच्या ओल्या फांद्या. हे डोकं ज्याचं त्याला दाद द्यायला हवी, कारण पेरू आणि पिमेंटो एकाच कुळातले. जांभूळ आणि लवंगही त्याच कुळातली. दाणे मात्र सुके टाकतात, ते भसकन पेटून जातात. अर्धा तास पाण्यात ठेवले तर धूर टिकेल.

मसाल्यात एक गोष्ट खटकते. जमैकाचा तिखटपणा स्कॉच बॉनेट या ताज्या मिरचीचा. ती जहाल असतेच, पण तिला पिकलेल्या फळासारखा वास असतो आणि खरी चव त्या वासाची. इथं लवंगी मिरची वाटून घालतात. लवंगी झोंबते, पण तो वास तिच्यात नाही. बाटलीतला स्कॉच बॉनेट सॉस टेबलावर ठेवलाय, त्यापेक्षा दोन चमचे मुरवणातच घालावा. थाईम या वासाच्या पाल्याऐवजी मात्र ओव्याची पानं वापरली आहेत, ती चक्क शोभतात. ओवा आणि थाईम या दोघांचा वास थायमॉल या द्रव्याचाच, आणि कॅरिबियनमध्येही ही जाड पानं स्वयंपाकात असतात. मालकांनी बोलता बोलता सांगितलेलं माप, तंगड्यांसह एक किलो चिकनला: भरडलेलं ऑलस्पाइस एक मोठा चमचा, पातीचे कांदे सात-आठ, लसूण आठ पाकळ्या, आल्याचा दोन इंच तुकडा, जायफळ-दालचिनी चिमूटभर, गूळ एक मोठा चमचा, सोया सॉस दोन चमचे, एका लिंबाचा रस, मीठ. खोल चिरा देऊन बारा तास फ्रीजमध्ये. गुळाऐवजी ब्राउन शुगर हवी, पण इथला गूळ असताना तक्रार कसली! चिकन सत्तूरनं हाडासकट तोडून देतात, हेही बरोबर. क्वार्टर, म्हणजे पाव कोंबडी, २२० रुपये.

आता करी गोट, म्हणजे बोकडाचं मटण. या हॉटेलातला सगळ्यात भरवशाचा पदार्थ हाच, आणि कोल्हापूरकर नाक मुरडणार तेही यालाच. कारण वर कट नाही. रंग लाल नाही, हळदीकडे झुकलेला तपकिरी. वाटण नाही, खोबरं नाही, तीळ नाही. हा पदार्थ मुळात आपल्याच देशातून गेलेला आहे. १० मे १८४५ ला हिंदुस्थानी करारबद्ध मजुरांचं पहिलं जहाज जमैकाच्या ओल्ड हार्बर बेला लागलं, आणि १९१७ पर्यंत मुख्यतः उत्तर हिंदुस्थानातून माणसं उसाच्या मळ्यांवर जात राहिली. त्यांची हळद-धने-जिऱ्याची पूड तिथं ‘करी’ झाली, त्यात तिथला पिमेंटो आणि मिरची मिसळली, आणि आज लग्न असो की अंत्यविधीच्या आदल्या रात्रीचं जागरण, बोकड शिजल्याशिवाय जमैकन कार्य होत नाही. त्यामुळे ‘हे कसलं मटण’ म्हणण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं की उसाच्या नादानं गेलेल्या माणसांचंच हे जेवण आहे, आणि ऊस आपल्यालाही नवा नाही.

पद्धत अशी: बोकडाचे हाडासकट लहान तुकडे लिंबाच्या पाण्यानं धुवायचे, करी पावडर, कांदा, लसूण, थाईम लावून रात्रभर ठेवायचे. जाड भांड्यात तेल तापवून त्यात आणखी थोडी करी पावडर ‘जाळायची’, म्हणजे रंग एक छटा गडद होईपर्यंत परतायची. इथं अर्ध्या मिनिटाचा खेळ असतो. कमी परतली तर हळद कच्ची लागते, जास्त झाली तर कडू. मग मटण तांबूस होईपर्यंत परतायचं आणि गरम पाणी थोडं थोडं घालत, झाकण ठेवून दोन तास. शेवटच्या वीस मिनिटांत बटाटा, रस्सा दाट व्हायला. इथं कुकर लावत नाहीत, जाड बुडाच्या जर्मनच्या पातेल्यात शिजवतात. जमैकातला ‘डच पॉट’ही ओतीव अ‍ॅल्युमिनियमचाच असतो. मांस हाडावरून सुटतं, पण विरघळत नाही. प्लेट ३४० रुपये, तुकडे सहा-सात. रविवारी दुपारी मात्र गर्दीला घाबरून वर कांदा-लसूण मसाल्याची फोडणी मारतात. आधीच ‘फोडणी नको’ म्हणून सांगा.

सोबत छोट्या वाटीत ‘मॅनिश वॉटर’ येतं. कल्पना आपल्या पांढऱ्या रश्श्याच्या जवळची: बोकडाचं डोकं, पाय, आतडी, हिरवी केळी आणि कणकेच्या बोटाएवढ्या वळ्या घालून केलेलं पातळ सूप, लग्नात नवरदेवाला आवर्जून पाजायचं. पण यात नारळाचं दूध नसतं. इथं घातलंय, त्यामुळे तो सरळ पांढरा रस्साच झालाय. चव उत्तम, नाव चुकीचं.

नारळाचं दूध जिथं हवं तिथं नेमकं फसलंय. ‘राइस अँड पीज’मधले पीज म्हणजे वाटाणे नव्हेत, राजमा, नाताळात ताजी तूर. राजमा आठ तास भिजवून, दहा मिनिटं खळखळ उकळून मऊ शिजवायचा. त्याच लालसर पाण्यात नारळाचं दूध, पातीचा कांदा, थाईम, ऑलस्पाइसचे दाणे घालून उकळी आणायची आणि मगच तांदूळ. वर एक अख्खी मिरची, देठासकट, न फुटलेली. ती फुटली तर सगळं पातेलं तिखटजाळ. इथं मोकळा बासमती वेगळा शिजवून त्यात राजमा आणि पाकिटातलं दूध शेवटी ओततात. तांदूळ पांढराच राहतो, दूध कच्चं लागतं, ताटाच्या कडेला तेल सुटतं. जर्कसोबत हा भात घेण्यापेक्षा ‘फेस्टिव्हल’ घ्या: मक्याच्या पिठाचे लांबट, किंचित गोड तळलेले गोळे. पीठ जरा रवाळ हवं होतं, पण गरम असताना चालतात. गार झाले की दगड.

पॅटी टाळा. जमैकन पॅटीचं आवरण हळदीनं पिवळं, खुसखुशीत, अर्धचंद्राकृती असतं. करंजीसारखी कड, फक्त काट्यानं दाबलेली. आतला खिमा ब्रेडच्या चुऱ्यानं ओलसर बांधलेला. इथं बेकरीचं खारीचं पीठ वापरून चौकोनी चिकन पफ केलाय आणि वर पिवळा रंग फासलाय. परदेशातल्या जमैकन लोकांना ही पॅटी किती जिव्हाळ्याची आहे बघा: १९८५ मध्ये कॅनडाच्या सरकारनं ‘याला बीफ पॅटी म्हणता येणार नाही’ अशी हरकत घेतली तेव्हा टोरांटोचे बेकरीवाले भांडायला उभे राहिले, आणि ‘जमैकन पॅटी’ हे नाव राखून घेतलं. त्या नावाखाली ९० रुपयांना खारी विकू नये.

शाकाहारी लोकांसाठी कलालू आहे. कलालू म्हणजे जमैकात माठ-तांदुळजाच्या जातीची पालेभाजी, कांदा-टोमॅटो-मिरचीवर परतलेली. चव नेमकी आहे, पण माठाच्या भाजीला १४० रुपये द्यायचं जिवावर येतं. ‘इटल स्ट्यू’मध्ये पनीर टाकलंय, ते काढायला हवं. इटल हे रास्ताफारींचं सात्त्विक जेवण. कडक पाळणारे त्यात मीठसुद्धा घालत नाहीत, दुधाचे पदार्थ तर नाहीतच. भोपळा, रताळं, नारळ एवढ्यावर ते छान उभं राहतं.

‘ब्लू माउंटन कॉफी, १२० रुपये’ या ओळीकडे दुर्लक्ष करा. हे नाव जमैकाच्या ठरावीक डोंगराळ भागातल्या कॉफीलाच लावता येतं, आणि ती जगातल्या महागड्या कॉफींपैकी एक आहे. १२० रुपयांत ती कपात येणं शक्य नाही.

त्याऐवजी सॉरेल मागवा, ८० रुपये. लाल अंबाडीच्या बोंडांचं हे नाताळातलं पेय. सुक्या पाकळ्या मूठभर, भरपूर ठेचलेलं आलं, चार लवंगा, लिटरभर उकळतं पाणी, रात्रभर झाकून, सकाळी गाळून साखर. तिथं वरून रम पडते, इथं परवाना नसल्यानं नाही. रंग गडद माणकासारखा आणि आल्याचा ठसका घशापर्यंत. घरी केलंत तर स्टील किंवा काच वापरा. अंबाडी आंबट, जर्मनच्या भांड्याला खाते. इथं ग्लास बर्फानं गच्च भरून देतात आणि दहा मिनिटांत सॉरेलचं पाणी होतं. ‘बर्फ वेगळा द्या’ म्हटलं की देतात.

टेबलं आठ, फोनवर बुकिंग घेत नाहीत. ड्रमच्या दिवशी साडेआठनंतर तंगडीचे तुकडे संपून नुसते छातीचे उरतात, आणि ते हमखास कोरडे होतात. सव्वासातपर्यंत पोचा. गाडी गल्लीत लावू नका, शेजारचे लगेच बोलतात.