‘फक्त पाचाचा फरक’ सांगून गळ्यात मारलेले टायर

माझ्याकडे सेकंड-हँड घेतलेली २०१६ ची ऑडी टीटी क्वाट्रो, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह टीटी, आहे. चारही चाकांना एकच साइझ, २४५/४० आर १८. २०२४ च्या दिवाळीआधी मागचे दोन टायर गोटे झाले म्हणून पुण्यातल्या एका मोठ्या, चकाचक टायर दुकानात गाडी नेली. तिथे मला २४५/४५ आर १८ लावून दिले, आणि तेही सहा वर्षं जुने. जी पट्टी मला पढवली तीच इतरांनाही पढवत असणार, म्हणून सगळं लिहितोय.

मालकाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “साहेब, हा साइझ आता विसरा. सरकारने इम्पोर्टच बंद केलंय.” ही थाप पुरती खोटी नव्हती, तिथेच तिची मेख आहे. जून २०२० मध्ये नव्या टायरच्या आयातीवर खरंच निर्बंध आले, परवाना लागू लागला आणि काही विरळा साइझ मिळेनासे झाले. पण परवाना लागतो याचा अर्थ बंदी असा होत नाही. शिवाय २४५/४० आर १८ काही दुर्मीळ नाही, कितीतरी जर्मन सेडानच्या वरच्या मॉडेलना तो येतो. याच्या गोदामात मात्र २४५/४५ पडून होते. तो बीएमडब्ल्यू फाइव्ह सिरीज, ऑडी ए-सिक्स अशा थोराड गाड्यांचा साइझ.

“फक्त पाचाचा तर फरक आहे. उलट रबर जास्त मिळेल, खड्ड्यात रिम वाचेल. कंपनीच सांगते असं करायला.” पुण्यात खड्ड्यांचं नाव काढलं की गिऱ्हाईक निम्मं पटलेलंच असतं.

आता तो पाच कसला ते बघा. टायरवरचा मधला आकडा मिलिमीटरचा नसतो, तो टक्का असतो. २४५ मिलिमीटर रुंदीचे ४० टक्के म्हणजे ९८ मिलिमीटर, ही टायरच्या भिंतीची उंची. ४५ टक्के धरले की तीच ११०.२५ होते. भिंत रिमच्या वर एकदा आणि खाली एकदा अशी दोनदा मोजायची, त्यात १८ इंची रिमचे ४५७.२ मिळवायचे. माझा मूळ टायर ६५३.२ मिलिमीटर व्यासाचा, यांनी लावलेला ६७७.७ चा. जवळजवळ अडीच सेंटिमीटर, पावणेचार टक्के. चारही टायर बदलताना साइझ हलवायचाच असेल तर एकूण व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवतात. इथे तर पुढे एक व्यास आणि मागे दुसरा!

साध्या टू-व्हील ड्राइव्ह गाडीतही हे वाईटच. काही स्पोर्ट्स कारना पुढे-मागे वेगळे साइझ कंपनीच देते, पण तिथे गाडीचं गणित त्या जोडीवर बसवलेलं असतं. टीटी क्वाट्रोत मागच्या ॲक्सलपाशी प्लेट्सचा एक क्लच असतो. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जोरात फिरू लागली की तो पुढची घसरली असं समजून मागे ताकद पाठवतो. मागे मोठे टायर लावले की सरळ, कोरड्या रस्त्यावरही पुढची चाकं कायम जास्तच फिरतात, आणि त्या बिचाऱ्या क्लचला क्षणाची उसंत मिळत नाही. तो जळाला तर त्याच्या खर्चापुढे टायरची किंमत किरकोळ वाटेल.

दुसऱ्याच दिवशी पार्किंगमध्ये पूर्ण वळण घेताना मागून आचके बसू लागले. एक्सप्रेसवेवर स्टॅबिलिटी कंट्रोलचा पिवळा दिवा लागला. दुकानात फोन केला तर उत्तर तयार होतं: “सेन्सर गेला असेल, शोरूमला दाखवा. टायरचा काय संबंध?” मला तर ही दुसरी थाप पहिलीपेक्षा गंभीर वाटते. पहिली विक्रीसाठी होती. या थापेवर विसंबून कुणी तशीच गाडी हाकत राहिला असता.

गाडी दुसरीकडे अलाइनमेंटला नेली. तिथल्या पोराने ती लिफ्टवर घेतली आणि हसायलाच लागला. टायर असिमेट्रिक होते, म्हणजे ज्यांची एक ठरावीक बाजू बाहेरच यावी लागते आणि तसं इंग्रजीत त्यांच्यावर छापलेलं असतं. दोन्ही टायरची ती बाजू आत वळवलेली होती. कारण? उत्पादनाची तारीख त्याच बाजूला होती. टायरच्या भिंतीवर ‘DOT’ या अक्षरांपुढे जो कोड छापलेला असतो, त्याचे शेवटचे चार आकडे ३११८, म्हणजे २०१८ सालचा एकतिसावा आठवडा. ‘फ्रेश स्टॉक’ म्हणून घेतलेला माल हा. एका टायरवर चुकून झालं असतं असं म्हणता आलं असतं, दोन्हींवर नाही.

एक मान्य करायला हवं, वजनाच्या आणि वेगाच्या बाबतीत खोट नव्हती. टायरवर ९६डब्ल्यू होतं, म्हणजे चाकामागे ७१० किलो आणि ताशी २७० किलोमीटर. पण ज्याला हा कोड वाचता येत नाही त्याला याच पद्धतीने हलका टायरही खपवता येतो. मूळ टायरवरचा आकडा आणि अक्षर, दोन्हींचा फोटो दुकानात जाण्याआधी फोनमध्ये असू द्या. दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतं, त्याचाही. आणि टायर रिमवर चढण्याआधी, जमिनीवर असताना दोन्ही बाजू फिरवून तारीख बघा. एकदा चढवला की “लावलेला माल परत नाही” ही पाटी तुमच्याकडे बोट दाखवते.

मला तेच ऐकवलं. ४२,००० रुपयांच्या बिलावर ‘१८ इंची टायर, २ नग’ एवढंच होतं, ना पूर्ण साइझ, ना सिरियल नंबर. “तुम्हीच मागितला होता हा साइझ,” मालक तोंड वर करून म्हणाला. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवल्यावर सूर बदलला आणि १५,००० परत द्यायची तयारी दाखवली, अट एकच, दोन्ही टायर आधी त्यांच्याकडे जमा करायचे. दरम्यान मी दुसरीकडून २४५/४० आर १८ चे चार टायर लावून घेतले. तिथे ते रॅकवरच होते. ते दोन टायर मी दिलेले नाहीत. साइझ आणि तारखेचा पुरावा फक्त त्यांच्यावर आहे, बिलावर नाही. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे, अलाइनमेंटवाल्याने लिफ्टवर काढलेले फोटो सोबत जोडलेत.