सॅलिब: हिशोब चोख, राखण तुमची

पुराच्या मॉडेलमध्ये १२ पॅरामीटर, एकाचीही किंमत नेमकी ठाऊक नाही, आणि साहेबांचा प्रश्न एकच: पाणी किती चढेल? अशा वेळी आधी हे शोधावं लागतं की बारापैकी कोणामुळे उत्तर हलतं आणि कोणाची किंमत अंदाजे धरली तरी भागतं. याला संवेदनशीलता विश्लेषण म्हणतात, आणि पायथॉनमध्ये या कामासाठी सर्वांत सरळ साधन म्हणजे सॅलिब ही लायब्ररी. फुकट, एमआयटी परवान्यावर खुली, पिपने मिनिटभरात बसणारी.

तिचा मोठा गुण हा की ती तुमच्या मॉडेलला हात लावत नाही. पॅरामीटरांची नावं आणि पट्टे (किमान ते कमाल) द्यायचे, ती किमतींचा तक्ता देते. एकेका ओळीने मॉडेल चालवायचं, निघालेला आकड्यांचा एक स्तंभ तिला परत द्यायचा, की निर्देशांक, म्हणजे कोणता पॅरामीटर उत्तर किती हलवतो ते सांगणारे आकडे, हातात. मॉडेल जुन्या फोरट्रानमधलं असो वा विकत घेतलेलं बंद सॉफ्टवेअर, तिला फरक पडत नाही.

खर्च आहे तो रनचा, म्हणजे मॉडेल एकेकदा चालवण्याचा. उत्तराच्या चढउतारात प्रत्येक पॅरामीटरचा वाटा मोजणाऱ्या सोबोल पद्धतीत पॅरामीटर डी आणि मूळ नमुने एन असतील तर एन गुणिले (डी + २) इतके रन लागतात. दुय्यम निर्देशांकही (पॅरामीटरांच्या जोड्यांचा एकत्रित परिणाम) हवे असतील तर एन गुणिले (२डी + २), आणि काही सांगितलं नाही तर सॅलिब हाच महागडा पर्याय धरते. १२ पॅरामीटर, एन १,०२४ (एन दोनाच्या घातातलाच घ्यावा), एका रनला ९० सेकंद: २६,६२४ रन, म्हणजे एका कोअरवर जवळपास २८ दिवस. दुय्यम बंद केले की १४,३३६ रन, पंधरा दिवस. म्हणून आधी मॉरिस ही ढोबळ चाळणीची पद्धत चालवावी. २० मार्ग (पायरीगणिक एकच पॅरामीटर बदलणाऱ्या रनच्या मालिका) गुणिले (१२ + १) म्हणजे २६० रन, साडेसहा तासांत खेळ खलास. त्यातून पाच पॅरामीटर उरले तर सोबोलला ७,१६८ रन पुरतात. १६ कोअरच्या मशीनवर ११ तासांच्या आसपास. मॉरिसमध्ये म्यू (परिणामांची सरासरी) नव्हे, म्यू-स्टार (चिन्ह सोडून घेतलेली सरासरी) बघायचा, कारण म्यूमध्ये अधिक-उणे परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात.

आता खोड्या. पहिली, आणि सर्वांत घातक, ‘बाउंड्स’ या रकान्यात आहे. वितरण युनिफॉर्म असेल तर त्यातले दोन आकडे म्हणजे किमान आणि कमाल. तेच वितरण नॉर्मल केलं की त्याच दोन आकड्यांचा अर्थ सरासरी आणि प्रमाण विचलन होतो. नदीपात्राच्या मॅनिंग गुणांकासाठी (पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा) ०.०२५ आणि ०.०४५ लिहून ठेवलेत आणि नंतर फक्त वितरणाचं नाव बदललंत, तर सुमारे २९ टक्के नमुन्यांत गुणांक ऋण येतो. सॅलिब चकार शब्द काढत नाही. तिला प्रमाण विचलन शून्याहून मोठं असलं की पुरतं. रन चालवण्याआधी तक्त्यातल्या प्रत्येक स्तंभाचे किमान-कमाल डोळ्यांखालून घाला. दोन मिनिटांचं काम आहे.

पट्टा हजारपट असेल तिथेही सावध. जमिनीची जलवाहकता १० चा उणे सातवा घात ते उणे चौथा घात अशी युनिफॉर्म दिली तर ९० टक्के नमुने सर्वांत वरच्या दशकात (दहापटीच्या टप्प्यात) जाऊन बसतात, खालची दोन दशकं जवळजवळ कोरी राहतात. तिथे प्रत्येक दशकाला सारखे नमुने देणारं लॉगयुनिफ वितरण हवं.

दुसरी खोडी ओळींच्या क्रमाची. समांतर रन लावले की निकाल जसे संपतील तसे येतात, आणि विश्लेषणाला फक्त क्रम कळतो. क्रम बिघडला की चूक दाखवणारा संदेश येत नाही. सगळे प्राथमिक निर्देशांक (पॅरामीटरचा एकट्याचा परिणाम) शून्याजवळ येतात आणि माणूस मॉडेललाच दोष देत बसतो. प्रत्येक रनच्या फाइलीला ओळीचा क्रमांक द्या आणि त्यानेच पुन्हा लावा.

याच जातीची आणखी एक: नमुने घेताना दुय्यम निर्देशांक चालू आणि विश्लेषणात बंद. बहुतेक वेळा नमुन्यांची संख्या जुळत नाही आणि सॅलिब थांबते. पण ६ पॅरामीटर आणि एन १,०२४ असेल तर रन होतात १४,३३६, ज्याला ८ ने नि:शेष भाग जातो. भाग गेला म्हणून ती खुशाल पुढे जाते आणि निर्देशांक निव्वळ कचरा असतात.

मध्येच कोसळलेल्या रनचं काय? तेवढी ओळ काढून चालत नाही, ओळी (डी + २) च्या, दुय्यम चालू असतील तर (२डी + २) च्या, गटाने बांधलेल्या असतात. काढायचा तर अख्खा गट काढा. रिकाम्या जागी सरासरी भरण्याची पद्धत बरीच दिसते, पण कोसळणारे रन बहुधा पट्ट्याच्या टोकाला असतात आणि तिथेच उत्तर सर्वांत जास्त हलतं. त्यापेक्षा रन का पडला ते बघावं, अनेकदा पट्टाच चुकलेला निघतो.

निकाल वाचताना ‘कॉन्फ’ हा आकडा अधिक-उणे अशा अर्ध्या रुंदीचा, ९५ टक्के पातळीचा असतो. निर्देशांक उणे ०.०२ आणि कॉन्फ ०.०४ असेल तर ते शून्यच समजा. कॉन्फ ०.२ असेल तर एन वाढवा, क्रमवारी लावू नका. नवख्यांनी सोबत येणारं इशिगामी फलन (चाचणीसाठीचं तीन चलांचं ठरलेलं सूत्र) आधी चालवून पाहावं: नेहमीच्या ७ आणि ०.१ या स्थिरांकांना तिसऱ्या चलाचा प्राथमिक निर्देशांक शून्य, पण एकूण ०.२४ येतो. एकट्याने काही न करणारा पॅरामीटर दुसऱ्याच्या संगतीने काय करतो, हे इतकं स्वच्छ क्वचितच दिसतं.

कोणतं उत्तर तपासता यावरही सगळं बदलतं. पुराच्या शिखरासाठी मॅनिंग गुणांक वर येईल, एकूण वाहून गेलेल्या पाण्यासाठी तोच तळाला जाईल. दोन्ही स्तंभ वेगवेगळे द्या. रन तेच वापरता येतात.

दोन ठिकाणी सॅलिब तोकडी पडते. एक, सोबोल पद्धत पॅरामीटर परस्परांपासून स्वतंत्र मानते. वाळू आणि चिकणमातीचे टक्के वेगवेगळे दिले तर बेरीज शंभरावर जाणारे नमुनेही निघतात. त्याऐवजी एकाचे टक्के आणि उरलेल्यातला दुसऱ्याचा वाटा असे दोन पॅरामीटर करावेत. दोन, एकेक रन सहा तासांचा असेल तर हजारो रनचा विचारच सोडावा लागतो. तिथे मॉडेलची स्वस्त प्रतिकृती लागते आणि त्यासाठी झुरिकच्या ईटीएचचं यूक्यूलॅब जास्त समर्थ आहे, मात्र मॅटलॅब हवं. शेकडो नोडच्या (संगणकांच्या) रांगेत रन लावायचे असतील तर सँडिया प्रयोगशाळेचं डकोटा बघा. मात्र त्याची इनपुट फाइल शिकायला वेळ जातो. आणि रन आधीच करून ठेवलेले असतील, नमुने साध्या लॅटिन हायपरक्यूबचे (प्रत्येक पट्टा समान भागांत वाटून घेतलेले) असतील, तर कुठेही जायची गरज नाही: सॅलिबमधल्या डेल्टा आणि आरबीडी-फास्ट या पद्धती तेच रन घेऊन काम भागवतात.