दाढांमधली जुनी चांदी: काही बदलली, काही ठेवली, आणि आता काही महिन्यांनंतर

लहानपणी किंवा कॉलेजात असताना दाढांमध्ये चांदी भरून घेतलेली आहे आणि आता ती काढून टाकावी का, हा प्रश्न ज्यांच्या डोक्यात घोळतोय त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझ्या अशा पाच दाढा होत्या. त्यातल्या दोन बदलल्या, तीन तशाच ठेवल्या. बदलून काही महिने झालेत, त्यामुळे थंड, गरम, कडक, चिवट सगळं या दाढांवर चावून झालंय. सगळ्याच बदलून टाक असा घरच्यांचा आग्रह होता, एका दवाखान्यातही तेच सांगितलं. मी ऐकलं नाही, आणि पुन्हा ठरवायची वेळ आली तरी हेच ठरवेन.

आधी पाऱ्याबद्दल, कारण सगळी भीती तिथूनच सुरू होते. या फिलिंगमध्ये वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो. उरलेली चांदी, कथील आणि तांब्याची पूड. दोन्ही एकत्र घोटली की मऊ लगदा होतो, तो दाढेच्या खळग्यात दाबून भरतात आणि काही तासांत तो कडक होतो. पारा त्यात धातूंशी बांधला जातो, पण शंभर टक्के नाही. चावताना, दात घासताना, गरम पिताना त्यातून किंचित वाफ सुटत राहते. खरी काळजी या वाफेचीच करायची. फिलिंगचा एखादा कपचा गिळला गेला तर पोटातून तो पारा नगण्यच शोषला जातो, पण वाफ श्वासातून आत गेली की तिचा बहुतेक भाग फुप्फुसांतून रक्तात उतरतो. त्यामुळे ज्यांना तोंडातल्या पाऱ्याची धास्ती वाटते त्यांना उडवून लावणारे डॉक्टर मला मुळीच पटत नाहीत. शंका रास्त आहे, तिला नीट उत्तर मिळायला हवं.

मला जे उत्तर पटलं ते असं. 2006 साली मुलांवरच्या दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष आले, एक अमेरिकेतला आणि एक लिस्बनमधला. प्रत्येकात पाचशेहून जास्त मुलं होती. काहींच्या दाढांत चांदी भरली, काहींच्या कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग, आणि पुढे कित्येक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. चांदीवाल्या मुलांच्या लघवीत पारा थोडा जास्त सापडला, पण बुद्धी, स्मरणशक्ती, नसांचं काम यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. तरीही अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2020 मध्ये सावधगिरी म्हणून सांगितलं की गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या बायका, लहान मुलं, मूत्रपिंडाचा किंवा मज्जासंस्थेचा आजार असलेले आणि पाऱ्याची ॲलर्जी असलेले लोक यांच्या दातांत शक्यतो नवी चांदी भरू नये. त्याच सूचनेत पुढे हेही आहे की आधीपासून असलेलं आणि चांगल्या स्थितीतलं फिलिंग वैद्यकीय गरज नसताना काढू नये, कारण काढताना वाफ तात्पुरती वाढते आणि दाताचा निरोगी भागही कापला जातो. हा दुसरा भाग लोक वाचतच नाहीत.

बंदीच्या बातम्यांनी गोंधळ आणखी वाढवलाय. नॉर्वेने 2008 मध्ये, स्वीडनने 2009 मध्ये चांदी भरणं बंद केलं, आणि युरोपीय संघात 1 जानेवारी 2025 पासून मोजके अपवाद सोडून ती वापरता येत नाही. पण यामागे मोठं कारण पर्यावरणाचं आहे. दवाखान्यांच्या सांडपाण्यातून आणि मृतदेहांच्या दहनाच्या धुरातून पारा पाण्यात, हवेत जातो. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीचा 2013 चा आंतरराष्ट्रीय मिनामाता करारही त्याच काळजीतून आला. नवी चांदी भरणं थांबवायचा निर्णय योग्यच आहे. त्यावरून तुमच्या दाढेत वर्षानुवर्षं शांत बसलेली चांदी आज उपटलीच पाहिजे असा अर्थ काढणं मात्र चूक आहे.

घरच्यांचा आग्रह माझ्या सततच्या थकव्यावरून होता. म्हणून मी आधी फिजिशियनकडे गेले. फिलिंगमधल्या पाऱ्यासाठी त्यांनी लघवीची तपासणी सांगितली. रक्तातला पारा बऱ्याचदा माशांमधून आलेला असतो, तो वेगळ्या प्रकारचा, त्यामुळे रक्ताचा आकडा फिलिंगबद्दल फारसं सांगत नाही. माझा आकडा नेहमीच्या मर्यादेत आला. थकव्याचं कारण पुढे थायरॉइडच्या तपासणीत सापडलं. दाढांवर खापर फोडून मी थांबले असते तर ते तसंच राहिलं असतं, याचा विचार आला की अजूनही धस्स होतं. इथे एक इशारा देऊन ठेवते: काही ठिकाणी आधी शरीरातले धातू बाहेर काढणारं औषध देतात आणि मग लघवी तपासतात. त्या औषधाने कुणाच्याही लघवीत पारा वाढलेला दिसतो. औषधाशिवायच्या मर्यादेशी तो आकडा ताडून कुणी तुम्हाला घाबरवत असेल तर तिथून उठा.

मग प्रत्येक दाढेचा स्वतंत्र विचार. डॉक्टरांनी छोट्या कॅमेऱ्याने एकेकीचे फोटो काढले, एक्स-रे घेतले, आणि मला शेजारी बसवून दाखवले. खालच्या एका दाढेत फिलिंग फार मोठं होतं आणि बाजूच्या भिंतीत बारीक तडा गेला होता. तिथे चावा सोडताना कळ यायची, दाबताना नाही. तडा गेलेल्या दाताचं हे ओळखीचं लक्षण. वरच्या एका दाढेत फिलिंगची कड सुटली होती आणि एक्स-रेमध्ये खाली किडीची सावली होती. या दोन बदलायलाच हव्या होत्या, पारा असो वा नसो. उरलेल्या तिघी दिसायला काळ्या, कडा जराशा झिजलेल्या, पण खाली कीड नाही, तडा नाही. काळा रंग म्हणजे कीड असं नसतं. चांदी गंजते आणि भोवतीचा दात करडा दिसू लागतो.

काढण्याची पद्धत मी आधीच विचारून घेतली आणि तुम्हीही विचारा. दाताभोवती रबर डॅम, म्हणजे तेवढाच दात बाहेर ठेवून बाकी तोंड झाकणारा रबराचा पातळ पडदा, लावणार का, जोराचं सक्शन असेल का, भरपूर पाणी मारणार का, आणि फिलिंग सगळं दळून काढणार की फोडून मोठ्या तुकड्यांत उचलणार. या चार गोष्टींनी वाफ आणि भुकटी दोन्ही कमी होतात. माझ्या डॉक्टरांनी चारही केल्या. रबर डॅममुळे सुरुवातीला गुदमरल्यासारखं होतं, नाकाने सावकाश श्वास घेत राहिलं की जमतं.

मला सगळ्यात हलवून गेला तो चांदी काढल्यावरचा फोटो. ती कशाला चिकटत नाही, म्हणून ती धरून राहावी यासाठी त्या काळी खळगा घागरीसारखा कोरत, तोंड अरुंद आणि पोट रुंद. चांदी निघाली तेव्हा दाढेची भिंत किती पातळ राहिलीय ते दिसलं. त्यात कीड साफ करताना आणखी थोडा दात गेला. दर वेळी फिलिंग बदलताना खळगा असाच मोठा होत जातो. आज फिलिंग, पुढे कॅप, त्यापुढे रूट कॅनल. धडधाकट दाढ या वाटेवर विनाकारण का लावायची? उरलेल्या तीन दाढांबद्दल मनात जी धाकधूक होती ती त्या फोटोपाशी संपली.

आता नव्या फिलिंगचा अनुभव. वरच्या दाढेत कॉम्पोझिट भरलं. ते एकदम भरत नाहीत. साधारण दोन मिलिमीटरचे थर देत प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक करतात, आणि तेवढा वेळ दात पूर्ण कोरडा लागतो. पहिले काही आठवडे थंड पाण्याने झिणझिणायचं. चावाही किंचित उंच लागत होता, कार्बन पेपर लावून घासून घेतल्यावर बरा झाला. त्रास दिला तो शेजारच्या दाढेबरोबरच्या फटीने. चांदीचं फिलिंग शेजारच्या दाताला घट्ट टेकलेलं होतं, कॉम्पोझिटमध्ये ते तितकं साधलं नाही आणि प्रत्येक जेवणात तिथे तंतू अडकू लागले. हिरडी सुजली. शेवटी ती बाजू काढून पुन्हा भरावी लागली. आता फ्लॉस तिथून नीट टक् आवाज करत जातो आणि काही अडकत नाही. असा त्रास असेल तर सवय होईल म्हणून सोसू नका, लगेच परत जा. अडकलेलं अन्न म्हणजे नवी कीड.

टिकाऊपणाबाबतही भ्रम नको. वर सांगितलेल्या लिस्बनच्या अभ्यासात सात वर्षांनी चांदीची सुमारे 94 टक्के फिलिंग टिकून होती, कॉम्पोझिटची सुमारे 86 टक्के, आणि कॉम्पोझिटखाली पुन्हा कीड लागण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. त्यामुळे चांगली चांदी काढून पांढरं भरणं म्हणजे दर वेळी सुधारणाच, असं समजू नये.

तडा गेलेल्या दाढेवर मात्र मी पूर्ण समाधानी आहे. तिथे सिरॅमिकचा ऑनले बसवला, म्हणजे कमकुवत भिंती वरून झाकणारा तुकडा. पहिल्या बैठकीत माप घेऊन तात्पुरतं फिलिंग, दुसरीत ऑनले चिकटवला. चावा सोडतानाची ती कळ तेव्हापासून आलेली नाही. जीभ फिरवली तर कड लागत नाही.

तब्येतीत काय फरक पडला, हे सगळे विचारतात. चांदी काढल्यामुळे काहीच नाही. झोप, डोकं, सांधे जसे होते तसेच. थकवा कमी झाला तो थायरॉइडच्या गोळीने.

माझी वहिनी गरोदर असताना तिलाही कुणीतरी घाबरवलं होतं. तिच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आत्ता हात लावायचा नाही, कारण काढताना सुटणारी वाफ हीच जास्तीची. ज्यांनी खरंच बदलून घ्यावं असे लोकही आहेत: फिलिंगला टेकणाऱ्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरट, जळजळणारे चट्टे येतात ते, पाऱ्याची ॲलर्जी तपासणीत सिद्ध झालेले, आणि माझ्या दोन दाढांसारखी मोडकी, गळती फिलिंग असलेले. चट्ट्यांच्या बाबतीत तर तेवढं एक फिलिंग काढल्यावर बऱ्याच जणांचे चट्टे जातात.

उरलेल्या तीन दाढांचे फोटो डॉक्टरांकडे ठेवलेत, दर तपासणीत त्यांच्याशी ताडून बघायचं ठरलंय. मी रात्री दात खाते हेही याच निमित्ताने कळलं. त्याने चांदी झिजते, वाफ जास्त सुटते आणि सिरॅमिकलाही धोका असतो, म्हणून रात्री घालायचा गार्ड करून घेतलाय. सुरुवातीला तोंडात लाळ फार सुटायची, आता तो घालून झोप लागते, आणि सकाळी जबडा आखडत नाही.