धबधब्यांच्या फेरीला बॅटरीची सायकल न्यावी की ई-स्कूटर?

साताऱ्यात समर्थ मंदिराच्या चौकातून बोगद्याकडे निघालं की पावसाळी फेरीचे दोन रस्ते फुटतात. एक यवतेश्वरचा घाट चढून पेट्री, कास, भांबवली आणि खाली बामणोलीला जातो. दुसरा सज्जनगडाच्या बाजूने बोरणे घाट चढत ठोसेघर आणि चाळकेवाडीला. दोन्हीकडे बॅटरीवर जाता येतं. प्रश्न उरतो तो बॅटरी सायकलला असावी की स्कूटरला, एवढाच. किंमत, वॉरंटी, कागदावरची रेंज हे शोरूमवाला तोंडपाठ सांगतो, ते इथे देत नाही. दोन्ही प्रकार या रस्त्यांवर वापरून माझं मन एका बाजूला कललेलं आहे, ते लपून राहणार नाही.

आधी एक तिसरा प्रकार बाजूला काढू. दिसायला स्कूटर, वेग ताशी २५ किलोमीटर, लायसन्स लागत नाही, पासिंग लागत नाही. ती गावात भाजी आणायला ठीक. २५० वॅटच्या आतल्या मोटरवर ६०-७० किलोचं धूड आणि वर बसलेला माणूस यवतेश्वरच्या वळणावर चढत नाही, आणि त्या स्कूटरला मदत करायला पॅडल नसतं. सायकलची मोटरही कायद्याने २५० वॅटच्याच आतली, पण तिथे वजन २२ ते २५ किलो असतं आणि पाय सोबतीला असतात. म्हणून यापुढे स्कूटर म्हटलं की पासिंगची, पूर्ण ताकदीची स्कूटर धरा.

ठोसेघरचा निकाल पटकन लागतो. शहरातून साधारण २५ किलोमीटर, पुढे चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांपर्यंत जाऊन परत आलात तरी ६० किलोमीटरच्या आसपास. तीन युनिटच्या बॅटरीची स्कूटर दोन माणसांना घेऊन हे मधे कुठेही चार्ज न करता उरकते. धबधबा बघायचा तो रेलिंग लावलेल्या गॅलरीतून, गाडी पार्किंगला, पायपीट थोडी. सायकलने इथे जायचं तर चढापेक्षा वारा जास्त छळतो. चाळकेवाडीचं पठार साधारण ११५० मीटरवर आहे आणि तिथे पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. जुलैत पश्चिमेकडून येणारा वारा पठारावर समोरून बसतो, आणि सपाट रस्त्यावरसुद्धा घाटाइतकीच बॅटरी ओढली जाते असा माझा अंदाज. येताना तोच वारा पाठीवर असतो हे खरं, पण तोवर बॅटरी गेलेली असते. बायकोला किंवा वडिलांना मागे बसवून सकाळी निघून जेवायला घरी यायचं असेल, तर स्कूटर घ्या आणि पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

कासच्या रस्त्याला मात्र हिशोब बदलतो, कारण तिकडची फेरी नीट करायची तर मुक्काम लागतो. सातारा शहरातून कासच्या पठारावर जाताना चार-साडेचारशे मीटर चढ आहे. कासहून बामणोलीला उतरायचं म्हणजे कोयनेच्या पाण्यापर्यंत उतरायचं. धरण भरलं की ते पाणी ६५९ मीटरवर असतं, म्हणजे परतीला पाचशेच्या वर मीटर पुन्हा चढायचे. भांबवलीचा फाटा धरला तर जाऊन-येऊन अंतर नव्वदीच्या घरात जातं.

स्कूटर, दोन माणसं आणि बॅग मिळून अडीचशे किलो धरा. एवढं वजन साडेचारशे मीटर वर उचलायला ०.३ युनिट लागतं, मोटर आणि कंट्रोलरमधले तोटे धरून ०.४. बामणोलीचा परतीचा चढ आणखी जवळजवळ अर्धं युनिट खातो. म्हणजे तीन युनिटांतला तिसरा हिस्सा नुसता चढांत जातो, आणि उरलेल्यात नव्वद किलोमीटर काढायचे. उतारावर रीजनने, म्हणजे चाकांनी मोटर उलटी फिरवून बॅटरीत वीज भरण्याने, थोडं परत मिळतं, पण ओल्या रस्त्यावर जपून उतरताना हात ब्रेकवरच जास्त असतो. फेरी होते, नाही असं नाही. पण शेवटचे पंधरा किलोमीटर धबधब्यांऐवजी टक्क्याच्या आकड्याकडे बघत जातात. म्हणून चार्जिंग हवं. आणि माझा निर्णय झाला तो याच ठिकाणी.

कास-बामणोली पट्ट्यात मुक्कामाची घरं मिळतात, जेवणही झकास मिळतं. पण जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये अर्थिंग बऱ्याचदा नसतं. सॉकेट तीन पिनचं दिसतं, वरच्या मोठ्या भोकाला आत वायरच जोडलेली नसते. मोबाइल, टीव्ही, मिक्सर सगळं त्यावर चालतं, त्यामुळे घरातल्या कुणाला ते कधी जाणवतही नाही. स्कूटरचा चार्जर लावला की पाच-दहा सेकंदांत लाल दिवा लुकलुकतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. दुसरं सॉकेट, तेच. शेजारचं घर, तेच.

यात चार्जरचा दोष नाही, तो बरोबर वागतो. स्कूटर ओली, जमीन ओली, सांगाडा लोखंडी. आत कुठे वीज झिरपली तर ती अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जायला हवी. ती वाट नसेल तर स्कूटरला हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. म्हणून बरेच चार्जर आधी अर्थिंग तपासतात आणि मगच सुरू होतात. अशा वेळी गावातला एखादा हुन्नरी माणूस मदतीला येतो आणि सॉकेटमध्ये न्यूट्रलची वायर अर्थिंगच्या पिनला जोडून देतो. दिवा हिरवा होतो, चार्जर फसतो. हे कधीही करू देऊ नका. पावसात खांबावरची न्यूट्रल तुटली तर स्कूटरचा अख्खा सांगाडा जिवंत होतो.

अर्थिंग मिळालं तरी पुढचे अडथळे आहेतच. स्कूटर अंगणात, सॉकेट आतल्या खोलीत. मधे एक्स्टेन्शनची वायर पागोळ्यांखालून न्यायची. पावसात वीज जाते ती रात्रभर येत नाही. घरात इन्व्हर्टर असतो, पण तो चार दिवे आणि दोन पंख्यांच्या हिशोबाने बसवलेला. स्कूटरचा चार्जर सातशे-आठशे वॅट मागतो, इन्व्हर्टर ओव्हरलोडची शिट्टी मारून बंद पडतो. घरमालकाचा चेहरा बघून दुसऱ्यांदा विचारायची हिंमत होत नाही.

सायकलला यातलं काही लागत नाही. किल्ली फिरवा, तीन किलोची बॅटरी काढा, खोलीत न्या. ३६ व्होल्टच्या बॅटरीला दोन ॲम्पियरचा चार्जर म्हणजे शंभर वॅटच्या आतलं काम. बहुतेक चार्जर दोन पिनचे, दुहेरी इन्सुलेशनचे असतात, त्यांना अर्थिंगची गरज नाही. इन्व्हर्टरवरसुद्धा चालतात. १० ॲम्पियर-तासाची बॅटरी म्हणजे सगळी मिळून एक तृतीयांश युनिटाच्या आसपास. रिकामी असली तर पाच तासांत भरते. जेवून झोपेपर्यंत वीज राहिली तरी परत यायची सोय होते. आणि समजा नाहीच भरली, तर २५ किलोची सायकल पायाने सातारला उतरवता येते. बंद पडलेली स्कूटर पेट्रीपासून कोण ढकलणार?

आता सायकलची गाऱ्हाणी, कारण ती कमी नाहीत.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सायकलींची मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये असते. तिला तुमच्या गिअरशी देणंघेणं नसतं, ती थेट चाक फिरवते. चाकाचा वेग ताशी आठ-नऊ किलोमीटरच्या खाली गेला की तिला दिलेल्या विजेचा मोठा वाटा नुसता गरम होण्यात जातो. यवतेश्वरच्या घाटात लोक हेच करतात: असिस्ट (मोटरच्या मदतीची पातळी) पाचावर, गिअर जड, पाय नुसते ठेवलेले. अर्ध्या घाटात मोटर हाताला चटका देईल इतकी तापते आणि कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा डबा) ताकद कमी करतो. उलट करायचं. गिअर सगळ्यात हलका, असिस्ट दोन-तीनवर, पाय भराभर फिरते. वेग दहा-बाराच्या आसपास टिकला की मोटरही सुखात. अशा चालवण्याने कासला पोचेपर्यंत १० ॲम्पियर-तासाची बॅटरी निम्म्याहून थोडी जास्त जाते. भांबवलीचा फाटा त्याच दिवशी करायचा असेल तर १४ ॲम्पियर-तासाची घ्या. बामणोलीला उतरायचं तर मुक्काम करूनच.

दुसरं गाऱ्हाणं सेन्सरचं. स्वस्त सायकलींत क्रँकला लोहचुंबकाची चकती असते, ती फक्त पाय फिरतात का एवढंच बघते, जोर किती लावला ते नाही. त्यामुळे मोटर पाव-अर्धा फेरा उशिरा सुरू होते आणि पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहते. कोरड्या रस्त्यावर कळत नाही. शेवाळलेल्या वळणावर मागचं चाक सरकतं. वळणाआधी असिस्ट एकवर आणायची आणि ब्रेकच्या दांडीवर बोटं ठेवायची. दांडी किंचित दाबली तरी मोटरची वीज तोडली जाते. पायाचा जोर मोजणाऱ्या टॉर्क सेन्सरची सायकल परवडत असेल तर याच एका कारणासाठी घ्यावी.

ब्रेकचे पॅड लाल चिखलात साबणासारखे झिजतात. तांबड्या जांभ्याची रेव डिस्कला चिकटते आणि एका घाटउतारात दांडी हँडलपर्यंत येऊ शकते. केबलचे डिस्क ब्रेक असतील तर कॅलिपरजवळचा ॲडजस्टर हाताने दोन-तीन टिचक्या फिरवून ताण घ्यायचा, आणि पॅडचा एक जोड खिशात ठेवायचा. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नये. दाबा, सोडा, पुढचा-मागचा आलटून पालटून. टायरमध्ये ३५ ते ४० पीएसआयच हवा, दगडासारखं टणक चाक ओल्या डांबरावर पकड सोडतं.

पंक्चरची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त घातली जाते. हब मोटरचं चाक काढायचं तर नटाला १८ किंवा १९ नंबरचा पाना हवा, मोटरची वायर सोडवायची, वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने बसवायचे. पण काढायचंच कशाला? टायरची एक बाजू रिमवरून उतरवा, तेवढ्या भागातली ट्यूब बाहेर ओढा, घासून पॅच लावा, परत ढकला. चाक जागेवरच राहतं. पुसायला कोरडं फडकं मात्र प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं हवं, ओल्या ट्यूबवर सोल्युशन धरत नाही.

पाण्याचं एकच लक्षात ठेवा. मागच्या चाकाजवळ मोटरच्या वायरीचा गोल कनेक्टर असतो, त्याच्या दोन्ही तोंडांवर बाण असतात, ते समोरासमोर आणूनच दाबायचे. आत थोडं सिलिकॉन ग्रीस लावा आणि वायर कनेक्टरच्या अलीकडे खाली लोंबेल अशी बांधा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, आत शिरत नाही. रात्री बॅटरी काढलीत की फ्रेमवरच्या उघड्या पितळी टोकांवर पिशवी बांधा. हे हमखास विसरलं जातं. सकाळी टोकं हिरवी पडलेली असतात आणि खड्ड्यात बॅटरी हिसकली की डिस्प्ले बंद होतो.

सामानाच्या बाबतीत स्कूटर सरळ पुढे. डिकीत रेनकोट, कोरडे कपडे, हेल्मेट सगळं कुलपात राहतं. भांबवलीला हे जाणवतं, कारण वजराई धबधब्याकडे गाडी जात नाही. गावातून झाडीतून चालायचं, पायाला जळवा लागतात, मीठ जवळ ठेवलेलं बरं. तीन टप्प्यांत कोसळणाऱ्या त्या पाण्याची उंची १८४० फूट सांगतात, समोर उभं राहिल्यावर वाद घालावासा वाटत नाही. तेवढा वेळ सायकल मागे टाकून जायचं तर जाड साखळी हवी आणि बॅटरी सॅकमध्ये. तीन किलो पाठीवर त्रासदायकच. गावात ओळखीच्या घरी ठेवायला दिली तर नाही म्हणत नाहीत. जोराच्या पावसात धबधब्यांवर प्रवेशबंदी लागते, तेव्हा वर पोचून परत फिरण्यापेक्षा निघण्याआधी चौकशी करा.

हे सगळं वाचूनही मुक्कामाला स्कूटरच न्यायची असेल, आणि मागे बसणारं माणूस असेल तर ते समजण्यासारखं आहे, तर दोन गोष्टी पाळा. पठारावर चार्जिंग मिळालं तर ८५-९० टक्क्यांवर थांबवा. बॅटरी काठोकाठ भरली की रीजन काम करत नाही, आणि सकाळची सुरुवातच घाट उतरण्याने होत असेल तर स्कूटर मोकळी सुटल्यासारखी पळते, सगळा भार ब्रेकवर. दुसरं, खोली ठरवताना फोनवर "चार्जिंग आहे का?" असं विचारू नका. "आहे की, प्रत्येक खोलीत पॉइंट आहे," असं उत्तर येतं. ते मोबाइलचं बोलत असतात. गिझर कुठे बसवलाय ते विचारा, त्याचा मोठा पॉइंट गाडी लावायच्या जागेपासून किती लांब ते विचारा, आणि घराबाहेर अर्थिंगचा खड्डा केलेला आहे का ते विचारा. तिसऱ्या प्रश्नाला पलीकडून "कसला खड्डा?" असं आलं तर सायकल काढा.